'जीन्स वेगळे आहेत वहिनी, माया वेगळीच असणार'

या वेळचं पत्र बडोद्यातल्या मांजलपूरच्या एका आईचं आहे. नाव देत नाहीये, पत्रही थोडं लहान केलंय.

"ताई, लग्नाला अकरा वर्षं झाली. पाच वर्षांपूर्वी आम्ही रीतसर नोंदणी करून मुलगी दत्तक घेतली, तेव्हा ती चौदा महिन्यांची होती, आता सहा पूर्ण झालीत. ती दत्तक आहे हे तिला पहिल्यापासून गोष्टीसारखं सांगितलंय. आणि ध्यानीमनी नसताना या जूनमध्ये मला मुलगा झाला. सगळे खूश. भाऊबीजेला मुलीनं बाळाला ओवाळलं, फोटो काढणं चाललं होतं आणि माझे दीर (इंजिनीअर आहेत, यूट्यूबवर सायन्सचे व्हिडिओ खूप बघतात) म्हणाले, वहिनी तुम्ही कितीही म्हणा, जीन्स वेगळे आहेत, माया वेगळीच असणार, हे मी नाही डार्विन म्हणतो, कावळी कोकिळेचं पिल्लू वाढवते ती तिला कळत नाही म्हणून. सासूबाई हसल्या. मुलगी तिथेच ताम्हण घेऊन उभी होती. त्या रात्रीपासून ती अंथरूण ओलं करतेय आणि परवा मला विचारलं, मम्मी मला परत देऊन येणार का? ताई, मिस्टर म्हणतात सोडून दे. पण मला भीती वेगळीच आहे. बाळाला पाजताना जे वाटतं ते मुलीला घरी आणलं त्या दिवशी मला वाटलं नव्हतं. मग दीर बरोबर आहेत का? सायन्सच असं म्हणत असेल तर मी कितीही केलं तरी कमीच पडणार का?"

अगं, आधी पोरीच्या प्रश्नाचं उत्तर, डार्विनचं मग बघू.

तिनं परत विचारलं ना (आणि विचारणारच, दहा वेळा विचारेल) तर 'असं काय वेड्यासारखं विचारतेस' असं चुकूनही म्हणू नकोस. ते आपण प्रेमानं म्हणतो पण पोराला ऐकू येतं की हा प्रश्न विचारायचा नाही, मग ते विचारणं बंद करतं आणि आत ठेवतं. हातातलं काम टाक, खाली बस, तिच्या डोळ्यांच्या उंचीला ये आणि सरळ सांग, 'नाही. कधीच नाही. तू आमची आहेस, काका जे बोलले ते चुकीचं बोलले आणि तुला वाईट वाटलं ते बरोबर वाटलं.' एवढंच, लांबण लावू नकोस. दुसऱ्यांदा विचारलं की परत तेच, त्याच शब्दांत, मुलांना गोष्टसुद्धा रोज तश्शीच लागते ना, तसं हेही. अंथरूण ओलं होण्याबद्दल रागावणं नाही, चारचौघांत बोलणं नाही, रबरी शीट घाल आणि गप्प बदल. धाकटं भावंड आल्यावर मोठ्याचं असं होणं खूप घरांत होतं, पोटच्या मुलांचंही होतं. महिना दीड महिना झाला तरी थांबलं नाही किंवा लघवीला जळजळ म्हणाली तर बालरोग तज्ज्ञांना दाखव.

आता डार्विन. मी तीस वर्षं इथे बडोद्यात झूलॉजी शिकवलंय, त्यामुळे माझ्या विषयाचं नाव घेऊन कोणी सहा वर्षांच्या मुलीसमोर असं बोललं की मला राहवत नाही, म्हणून जरा लांब लिहिणार आहे, बाळ झोपलं की वाच.

पहिली गोष्ट, जीन्सबद्दल (म्हणजे जनुकांबद्दल) डार्विन काही म्हणूच शकत नव्हता कारण जीन म्हणजे काय हे त्याला माहीतच नव्हतं. त्याचं मोठं पुस्तक आलं १८५९ मध्ये, आनुवंशिकतेचे नियम सांगणारा मेंडेलचा वाटाण्याचा पेपर १८६६ चा, आणि त्याकडे जगाचं लक्ष गेलं १९०० साली, तोवर डार्विन जाऊन अठरा वर्षं झाली होती. उलट १८७१ च्या पुस्तकात डार्विननं एका बबून माकडिणीबद्दल लिहिलंय, ती दुसऱ्या जातीच्या माकडांची पिल्लं सांभाळायची आणि वर कुत्र्यामांजरांची पिल्लंसुद्धा उचलून आणून अंगावर घेऊन फिरायची. डार्विनला हे फार लक्षात ठेवण्यासारखं वाटलं होतं. म्हणजे दिरांनी साक्षीला ज्याला बोलावलं तो तर त्या माकडिणीचं कौतुक करणारा निघाला.

दीर जे ऐकून आलेत ते बहुतेक विल्यम हॅमिल्टन या ब्रिटिश शास्त्रज्ञाचं आहे, १९६४ चं. आणि तुझी समजूत काढायची म्हणून मी ते खोटं आहे असं सांगणार नाही, ते खरं आहे आणि सुंदर आहे. प्रश्न असा होता की निसर्गाची निवड जर 'जो जगतो आणि पिल्लं मागे ठेवतो' त्याचीच होत असेल तर दुसऱ्यासाठी स्वतःचं नुकसान करून घेण्याची वृत्ती टिकलीच कशी? मधमाशी डंख मारते आणि मरते, स्वतःला पिल्लं नाहीत, मग ही सवय पुढच्या पिढीत जाते कशी? हॅमिल्टन म्हणाला, हिशेब एकट्या जिवाचा करू नका, जीनचा करा. सख्ख्या भावंडात निम्मा वाटा सारखा, पुतण्याभाच्यात पाव, चुलत-मामे भावंडात आठवा. आपण सोसलेल्या नुकसानापेक्षा नातेवाइकाचा फायदा गुणिले नात्याचा वाटा जास्त झाला तर ती वृत्ती टिकते. जे. बी. एस. हाल्डेन म्हणून मोठा शास्त्रज्ञ होता, १९५७ मध्ये भारतात येऊन राहिला आणि १९६४ साली भुवनेश्वरलाच गेला, तो म्हणायचा असं सांगतात की दोन सख्ख्या भावांसाठी किंवा आठ चुलत भावांसाठी मी नदीत उडी मारीन. पुढे १९७७ मध्ये पॉल शेरमननं खारींवर दाखवलं (अमेरिकेतल्या जमिनीत राहणाऱ्या खारी, आपल्या झाडावरच्या नाहीत) की शिकारी प्राणी आला की ओरडून सावध करण्याचा धोका जास्त करून त्याच माद्या घेतात ज्यांचे नातेवाईक आजूबाजूला राहतात. तर हे सगळं खरंच आहे, दिरांचा तेवढा भाग बरोबर.

पण आता मी वर्गात जे विचारायचे तेच तुला विचारते. हा हिशेब करतं कोण? खारीला जीन दिसतात का? आपल्याला दिसतात का? तू बाळाकडे बघतेस तेव्हा तुला त्याचं नाक दिसतं, मुठी दिसतात, जावळाचा वास येतो, डीएनए कोणालाच दिसत नाही. मग नातं ओळखायचं कसं? उत्क्रांतीनं यावर जो उपाय काढला तो अगदी साधा आहे, खुणा. शेकडो पिढ्या, हजारो पिढ्या जी खूण बहुतेक वेळा बरोबर ठरली ती मनात बसली. जे पिल्लू आपल्या घरट्यात आहे त्याला भरव. जे आपल्या अंगावर वाढलं ते आपलं. ज्याच्याबरोबर एका आईच्या कुशीत झोपलो तो भाऊ. मनाला कुंडली नको, रिपोर्ट नको, त्याला फक्त एवढं बघायचं असतं की कोण जवळ होतं, किती लहान असताना होतं आणि किती दिवस होतं.

कावळ्याचंही तेच आहे आणि दिरांना कावळा अर्धाच समजलाय. कावळी मूर्ख नाहीये, ती तिच्या खुणेप्रमाणे वागते, घरट्यात उघडलेली चोच दिसली की भरवायचं, कोकीळ त्या खुणेचा फायदा घेते. म्हणजे त्यांच्याच उदाहरणातून काय सिद्ध झालं? की माया रक्त बघून सुरूच होत नाही, समोरची चोच बघून सुरू होते! आणि तुला तर कोणी फसवलेलंही नाही. तू अर्ज केलास, घरी चौकशीला आल्या त्यांना चहा दिलास, वाट बघितलीस, कोर्टाची ऑर्डर होईपर्यंत जीव मुठीत धरून बसलीस, आणि पूर्ण माहिती असताना तिला आणलंस. कोकिळेची उपमा तुला कुठूनच लागू होत नाही, ती डोक्यातून काढून टाक.

आता तुला एक सांगते जे मला स्वतःला फार आवडतं, आणि तुझं पत्र वाचताना त्या भाऊबीजेच्या वाक्याला मी थांबले ते यासाठीच. २००७ मध्ये लीबरमन, टूबी आणि कॉस्मिडीस या तिघांनी माणसांवर अभ्यास केला की भावंडं एकमेकांना 'भावंड' म्हणून ओळखतात ती कशावरून. दोन खुणा निघाल्या. धाकट्यासाठी खूण म्हणजे लहानपणी एका घरात किती वर्षं एकत्र काढली. आणि मोठ्यासाठी त्याहून जोरदार खूण म्हणजे, आपल्या आईनं या तान्ह्याला सांभाळताना मी बघितलं. मोठ्यानं हे बघितलं की त्याच्या मनात शिक्का बसतो, हा माझा. त्या माणसासाठी किती करावंसं वाटतं तेही याच खुणांवर चढतं-उतरतं.

तर तुझ्या घरात आता काय चाललंय बघ. सहा वर्षांची मुलगी रोज सकाळ-संध्याकाळ तुला त्याला पाजताना बघतेय, तेल लावताना बघतेय, शी-शू बघतेय, रात्री तो रडला की तीही उठतेय. तिच्या मनाला जी खूण हवी होती ती तिला दिवसातून आठ वेळा मिळतेय. आणि त्याचं म्हणशील तर तो डोळे उघडल्यापासून तिला बघतोय आणि पुढची पंधरा-वीस वर्षं बघणार आहे. दिरांच्या हिशेबात ती खरी बहीण नाही, आणि हॅमिल्टनची जी यंत्रणा ते सांगतायत तीच यंत्रणा तुमच्या हॉलमध्ये बसून त्या दोघांना सख्खी भावंडं म्हणून नोंदवतेय. एडवर्ड वेस्टरमार्क नावाच्या माणसानं १८९१ मध्येच लिहिलं होतं की लहानपणी एकत्र वाढलेल्यांना मोठेपणी एकमेकांबद्दल नवरा-बायकोसारखं आकर्षण वाटत नाही. पुढे इस्रायलच्या किबुत्झमध्ये (म्हणजे सामुदायिक वसाहतीत) एका पाळणाघरात वाढलेल्या मुलांमध्ये तसंच दिसलं, आणि तैवानमध्ये जिथे सून लहान बाळ असतानाच सासरी आणून वाढवायचे तिथे ती लग्नं फार रुळायची नाहीत असं दिसलं. दोन्हीकडे रक्त वेगवेगळं, सगळ्यांना ते माहीत, तरी आतून मन म्हणत होतं, हा भाऊ आहे.

आता तुझी भीती. ते तू जे लिहिलंस की पाजताना जे वाटतं ते मुलीला आणलं त्या दिवशी वाटलं नव्हतं. यात अपराधी वाटण्यासारखं काय आहे ते मला सांग. नऊ महिने तुझं शरीर तयारी करत होतं, प्रसूतीच्या वेळी आणि पाजताना ऑक्सिटोसिन, प्रोलॅक्टिन या हार्मोन्सचा पूर येतो, दूध उतरायचंही काम तेच करतात आणि जीव लागायचंही. म्हणजे बाळाच्या वेळी तुला भरपूर विरजण लागलेलं गरम दूध मिळालं, चार तासांत दही लागलं. मुलीच्या वेळी ती चौदा महिन्यांची, तुला न ओळखणारी, बहुतेक तुझ्याकडे बघून रडलीही असेल, तू घाबरलेली, म्हणजे थंडीतलं दही, लागायला वेळ लागतो, झाकून ठेवून वाट बघावी लागते. पण लागलं ना? मला लिहिलं नाहीस तरी मी सांगू शकते की कधीतरी तिचा पहिला ताप झाला असेल आणि तू रात्रभर बसली असशील आणि सकाळी तुला स्वतःलाच कळलं असेल. आज मुलगी एक तास दिसली नाही तर तुझ्या पोटात जे होतं ते आणि बाळाचं यात तुला फरक करता येतो का बघ.

आणि हे फक्त बाळंतिणीलाच होतं असंही नाही. फिलिपिन्समधल्या सेबूत पुरुषांवर अभ्यास झाला, २०११ चा आहे, बाप झाल्यावर पुरुषांचं टेस्टोस्टेरॉन खाली येतं, आणि जे रोज मुलाचं जास्त करतात त्यांचं जास्त खाली दिसलं. इस्रायलमध्ये २०१४ ला आईशिवाय बाळ वाढवणाऱ्या वडिलांचे मेंदू स्कॅन केले तर स्वतःच्या बाळाचा व्हिडिओ दाखवल्यावर मेंदूचा जो काळजी वाहणारा, धोका ओळखणारा भाग आहे तो आयांइतकाच पेटत होता. त्यांनी कुठे नऊ महिने पोटात वाढवलं? करता करता मेंदू तयार झाला. तुझे मिस्टर 'सोडून दे' म्हणतात ना, त्यांना हा पॅरा मुद्दाम वाचायला दे.

आपण माणसं मुळात अशीच घडलोय. चिंपांझीची आई पहिले काही महिने पिल्लाला दुसऱ्या कोणाला हातसुद्धा लावू देत नाही. माणसाचं तसं कधीच नव्हतं, आपलं पोर इतकं उशिरा हाताशी येतं की एकट्या आईला ते झेपणारंच नाही, आजी, मावशी, आत्या, मोठी बहीण, शेजारीण अशा दहा मांड्यांवर ते वाढायचं. सारा हर्डी नावाच्या बाईंनी यावर आयुष्य घातलंय. आणि त्यांची सुरुवात आपल्याच बाजूला झाली, अबूच्या डोंगरावर, १९७० च्या दशकात, काळ्या तोंडाची वानरं बघत, तीच जी आपल्याला पावागडला दिसतात. वानरिणी नवं पिल्लू पहिल्या दिवसापासून एकमेकींकडे देतात, ही घेते, ती घेते, सगळ्यांना घ्यायचं असतं. आता प्रामाणिकपणे दुसरंही सांगितलं पाहिजे, त्याच वानरांत बाहेरून नवा नर येऊन टोळी ताब्यात घेतो तेव्हा आधीच्या नराची तान्ही पिल्लं मारूनही टाकतो, तेही हर्डींनीच मांडलं, आणि त्याचंही कारण निवडीनं समजावता येतं. तर मग डोंगर तोच, वानरं तीच, 'निसर्ग असं म्हणतो' म्हणणाऱ्यांनी यातलं कुठलं घ्यायचं?

इथेच सगळा घोळ होतो आणि तुझे दीर एकटे नाहीत, हल्ली रील बघून खूप जण असं बोलतात. एखादी वृत्ती कुठून आली हे सांगणं वेगळं आणि तू तसं वाग किंवा तू तशीच वागणार असं सांगणं वेगळं. आपल्याला गोड का आवडतं ते उत्क्रांती छान सांगते, जंगलात पिकलेलं फळ म्हणजे ताकद होती, आता जिलेबी समोर आली की तीच जुनी ओढ जागी होते. म्हणून डायबिटीसवाल्याला डॉक्टर 'निसर्गच असा आहे, खा' म्हणत नाहीत. आणि रक्ताचंच म्हणत असाल तर तू आणि तुझे मिस्टर, हॅमिल्टनच्या हिशेबात तुमचं नातं जवळपास शून्य आहे! तुझं आणि दिरांचं शून्य. सासूबाईंचं आणि सासऱ्यांचं शून्य. ज्या नात्यावर अख्खं घर उभं आहे तिथेच रक्त नाहीये आणि तिथे कोणाला प्रश्न पडत नाही, एका पोरीच्याच वेळी कसा पडतो?

तू विचारलंस मी कमी पडणार का. यावर नुसता माझा शब्द नको, लोकांनी मोजलंय. अमेरिकेत २००७ मध्ये लॉरा हॅमिल्टन आणि इतरांनी (ही हॅमिल्टन वेगळी, आडनावाचा योगायोग) पहिलीतल्या मुलांची हजारो घरं घेतली, दत्तक आईबाप मुलांवर वेळ, पैसा, पुस्तकं यात पोटच्या मुलांच्या आईबापांपेक्षा कमी नव्हते, काही बाबतीत जास्तच होते. आणि अगदी तुझ्यासारखी घरं, एक पोटचं एक दत्तक, यांच्यावर काइल गिब्सननं २००९ मध्ये केलं. अपेक्षा अशी की पोटच्याला जास्त मिळत असेल. निघालं उलटं, शिकवणी, पैशाची मदत, बऱ्याच गोष्टी दत्तक मुलाला जास्त मिळाल्या होत्या, कारण त्यांना गरज जास्त होती आणि आईबापांनी गरज बघून दिलं. सावत्र मुलांना जास्त त्रास होतो असं दाखवणारं डेली आणि विल्सनचं काम आहे कॅनडातलं, दीर कदाचित पुढच्या वेळी ते काढतील, तर तुला माहीत असू दे की सावत्र आणि दत्तक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सावत्रपणात मूल जोडीदाराबरोबर येतं, दत्तकमध्ये मुलासाठीच सगळा खटाटोप असतो.

एक गोष्ट मात्र होणार आहे, तयारी ठेव. मुलगी भांडणार. बाळ तुझ्या मांडीवर असलं की तिला तेव्हाच पाणी हवं असणार, तिला बोबडं बोलायचं असणार, कदाचित त्याला चिमटाही काढेल. तेव्हा सासूबाई म्हणतील बघ, परकं ते परकं. नाही. रॉबर्ट ट्रिव्हर्सनं १९७४ मध्येच मांडलंय की आईच्या दृष्टीनं दोन्ही मुलं सारखी पण प्रत्येक मुलाच्या दृष्टीनं आपण स्वतः पूर्ण आणि भावंड निम्मं, म्हणून आई जेवढं द्यायला तयार असते त्याहून थोडं जास्त प्रत्येक पोराला हवंच असतं. सख्खी भावंडं काय कमी भांडतात? ज्या दिवशी ती हक्कानं 'त्याला खाली ठेव, मला घे' म्हणेल त्या दिवशी खूश हो, कारण पाहुणी असं म्हणत नाही. मला खरं तर आत्ताच्या तिच्या गप्प बसण्याची जास्त काळजी वाटते.

म्हणून रोज वीस मिनिटं तिची एकटीची. फोन बाजूला, बाळ मिस्टरांकडे किंवा सासूबाईंकडे. 'तू आता मोठी झालीस' हे वाक्य थोडे दिवस बंद, सहा वर्षं म्हणजे काही मोठं नसतं. बाळाच्या तेल-आंघोळीत तिला हात घालू दे, पावडर लावू दे, पण कामवाली असल्यासारखं 'डायपर आण, टॉवेल आण' नको. आणि एखाद्या रविवारी दोघीच कमाटीबागेत जा, म्युझियममधला तो देवमाशाचा भला मोठा सांगाडा दाखव तिला, त्याच्या वल्ह्यासारख्या पराच्या आत बोटांची हाडं आहेत, अगदी आपल्या हातासारखी, तिला तिचा हात त्याच्यासमोर धरून बघायला सांग. मी कित्येक वर्षं विद्यार्थ्यांना तिथे नेलंय, चेहरे बघण्यासारखे होतात.

कमाटीबागेवरून सासूबाईंचं सुचलं. त्यांच्याशी भांडू नकोस, त्या हसल्या ते बहुतेक काय बोलावं न सुचून हसल्या असतील, आपल्या बायका अवघड झालं की हसतात. पण त्या बडोद्याच्या आहेत तर त्यांना एकदा महाराणी जमनाबाईंची आठवण करून दे. खंडेराव महाराज गेले तेव्हा जमनाबाई गरोदर होत्या, मुलगी झाली. पुढे १८७५ मध्ये त्यांनी नाशिककडच्या कवळाण्याचा बारा वर्षांचा गोपाळराव दत्तक घेतला. घरात पोटची लेक होतीच, तिच्याबरोबर हा. गायकवाडांच्याच भाऊबंदांतला होता, हे खरं, आपल्याकडे दत्तक बघताना भाऊबंदांतच बघायचे (दीर म्हणतील बघा हॅमिल्टन, आणि तेवढं त्यांचं बरोबरच राहील), पण नातं लांबचं, पोर खेड्यातलं, शेतकऱ्याचं. तेच आपले सयाजीराव महाराज. ही बाग त्यांची, आपल्या आज्या शाळेत गेल्या त्या १९०६ च्या सक्तीच्या शिक्षणाच्या कायद्यामुळे, तो त्यांचा, युनिव्हर्सिटीला नाव त्यांचं. बडोद्यातल्या मराठी घरात बसून दत्तक म्हणजे दुय्यम असं म्हणताना जीभ अडखळायला हवी.

दिरांशी तू बोलायचं नाहीस. मिस्टर बोलतील, भाऊ त्यांचा आहे. 'सोडून दे' हे उत्तर मला मान्य नाही कारण यात दुखावलेली तू नाहीस, एक सहा वर्षांची मुलगी आहे आणि ती सोडून देऊ शकत नाहीये. त्यांनी भावाला एकट्यात गाठून शांतपणे सांगावं की माझ्या मुलीसमोर रक्त, जीन्स, खरी-खोटी बहीण हे शब्द परत आले नाही पाहिजेत, तुझं वाचन तुझ्यापाशी ठेव किंवा माझ्याशी वाद घाल, तिच्यासमोर नको. कायद्याचं विचारलं तर तेही सांगावं, १९५६ चा हिंदू दत्तक कायदा घ्या नाहीतर २०१५ चा बाल न्याय कायदा घ्या, ती पोटच्या मुलासारखीच तुमची आहे, वारसाहक्कासकट. आणि दीर मनानं वाईट असतील असं मला वाटत नाही, एकदा मुलीला स्वतः जवळ घेऊन 'काकाचं चुकलं' म्हणाले तर तेवढं वाक्य तुझ्या-माझ्या सगळ्या समजावण्यापेक्षा लवकर काम करेल. मोठ्या माणसानं चूक कबूल केलेली मुलं विसरत नाहीत.

तुझ्याबद्दलही एक विचारते. रात्री झोप होतेय का? सारखं रडू येणं, आपण वाईट आई आहोत असं दिवसभर वाटणं हे दोन आठवड्यांहून जास्त चालू असेल तर तुझ्या डॉक्टरांना सांग, बाळंतपणानंतर असं होतं आणि त्यावर उपाय असतात, तेही शरीराचंच आहे.

बाळ जूनचं म्हणजे डिसेंबरात उष्टावण येईल. चांदीच्या वाटीतला पहिला घास मामा भरवेल, दुसरा ताईला भरवू दे, सगळ्यांसमोर, दीरही असतील तेव्हा. खीर पातळ कर आणि चमचा तिलाच निवडायला सांग.